नेट चालू, तरी व्हिडिओ बंद: दोष कुणाचा आणि पैसे परत मिळतात का?

रातराणी (प्रश्न)
सामने आणि सिनेमे दाखवणाऱ्या एका व्हिडिओ ॲपची वर्षाची वर्गणी एकरकमी भरली आहे. काल अंतिम सामना ऐन रंगात असताना टीव्हीवर नुसतं चक्र फिरत राहिलं, मग ‘काहीतरी चुकलं’ एवढाच संदेश. त्याच वायफायवर मोबाइलवरचं बाकी सगळं सुरळीत चालू होतं. मदत केंद्राच्या सांगण्यावरून ॲप काढून पुन्हा टाकलं, तर लॉगिनच होईना! दोष नेटचा की कंपनीचा, हे ओळखायचं कसं? पैसे मागता येतात का?

बफरवाली
मी व्हिडिओ पोचवणाऱ्या यंत्रणेतच काम करते. ॲप काढायचा हा सरसकट सल्ला ऐकला की मला राग येतो. मोठ्या सामन्याला सगळे एकदम आत शिरतात, त्यामुळे लॉगिन तपासणारे सर्व्हरच बऱ्याचदा आधी कोलमडतात. आत असलेला माणूस तगून राहतो, बाहेर पडलेला बाहेरच अडकतो. अशा वेळी लॉगआउट करूच नका.

आता ओळखायचं कसं ते. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांनी येतो आणि वेग घटला की ॲप आपोआप कमी दर्जाचा तुकडा मागवतं. म्हणजे तुमची लाइन मंदावली असेल तर चित्र आधी धूसर होतं, मग अडखळतं. स्वच्छ चित्र चालू असताना एकाएकी एरर आली, किंवा यादी दिसते पण प्ले दाबल्यावर काहीच हलत नाही, तर गडबड बहुधा पलीकडे. मोबाइल डेटावर तेच ॲप उघडा. तिथेही तीच एरर असेल तर राउटरच्या मागे लागू नका. एचडी चित्राला नेटचा ५ एमबीपीएस वेग पुरतो, असं नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं.

सदस्य_जुना
पैशांचं सांगतो. बहुतेक करारांत ‘सेवा अखंड मिळेल याची हमी नाही’ असं कलम असतं. तरीही मागा. एरर कोड, वेळ आणि स्क्रीनशॉट जोडून लेखी मागा. वर्गणी ॲप स्टोअरमधून घेतली असेल तर परताव्याची विनंती बहुधा तिथेच करावी लागते. आणि केवळ एका स्पर्धेसाठी हवं असेल तर वर्षाचं घेऊच नये, महिन्याचं बरं.

रातराणी
कोड टिपला नव्हता, पण स्क्रीनशॉट आहे. आज पाठवते. पण सिनेमे कधी अडत नाहीत, सामनाच का अडतो?

बफरवाली
सिनेमा आधीपासून तयार असतो. त्याच्या प्रती प्रेक्षकांजवळच्या सर्व्हरवर गर्दी नसताना भरून ठेवता येतात. सामन्याचा तुकडा मात्र त्या क्षणी तयार होतो आणि सगळ्यांना लगेच हवा असतो. १५ नोव्हेंबर २०२४ च्या माइक टायसन-जेक पॉल मुष्टियुद्धाच्या लढतीला नेटफ्लिक्सने एका वेळी ६.५ कोटी स्ट्रीम गेल्याचं सांगितलं, आणि तेव्हाही असंख्य लोकांचं चित्र अडकलंच. कधी दोष तिसरीकडेही असतो. २४ डिसेंबर २०१२ ला नेटफ्लिक्स बंद पडलं ते ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरमधल्या, बिघाडामुळे. पण ही सबब ग्राहकाला देऊ नये, असं मी या धंद्यात राहूनही म्हणते. पैसे ज्यानं घेतले, उत्तर त्यानंच द्यायचं.

पुढच्या सामन्याला सुरू होण्याच्या बऱ्याच आधी आत शिरा. चित्र अडकलं तर पुन्हा पुन्हा रिफ्रेश करू नका, दर्जा एक पायरी खाली आणून बघा.