बायोन (फ्रेंच बास्क भाग) एका दिवसात पायी: आई-बाबांना घेऊन जायचंय, सल्ला हवा

सानिका_बोर्दो:
नमस्कार मंडळी, सप्टेंबरमध्ये आई-बाबा साताऱ्याहून येतायत माझ्याकडे बोर्दोला. त्यांना एक दिवस बास्क भाग (फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरचा बास्क लोकांचा प्रदेश) दाखवायचाय, ट्रेनने सकाळी जाऊन रात्री परत. गाडी नाहीये आणि भाड्याने घ्यायची पण नाहीये. डोक्यात असं आहे की सकाळी बायोन, दुपारी बियारित्झचा बीच आणि जमलं तर पलीकडे स्पेनमधलं सान सेबास्तियान. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत त्यामुळे नदी, पूल, बंधारा दिसला की तिथेच थांबतात, आईचा गुडघा दुखतो पण हळूहळू चालते ती, फक्त मधेमधे बसायला लागतं. आई मांस-मच्छी खात नाही, केकमधलं अंडं चालतं. तिथे खाण्याचं काय होईल याचंच मला जास्त टेन्शन आहे. कोणी पायी फिरलंय का बायोन? कुठून सुरू करू?

आदूरकाठी:
सानिकाताई, आधी ते तीन गावांचं गणित सोडा. आई-बाबांना घेऊन एका दिवसात तीन गावं म्हणजे नुसती स्टेशनं बघून व्हायची. बायोनला अख्खा दिवस द्या, ते गाव त्या लायकीचं आहे. लोक बीचच्या ओढीने तिथून सरळ पुढे निघून जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी पो शहरात राहतो, तिथून बायोन जवळ, त्यामुळे जाणं-येणं चालू असतं. माझा सल्ला एवढाच की पाणी धरून चाला. दोन नद्या आहेत, मोठी आदूर आणि तिला गावात येऊन मिळणारी छोटी नीव्ह, आणि त्यांच्यामुळे गावाचे तीन भाग पडलेत. स्टेशन आदूरच्या अलीकडे सेंत-एस्प्री भागात, पूल ओलांडला की पेती बायोन, नीव्ह ओलांडली की ग्रां बायोन. स्टेशनवरून बस घेऊ नका. सेंत-एस्प्रीचा लांबलचक पूल पायीच ओलांडा, तिथून कॅथेड्रलचे दोन उंच मनोरे दिसतात आणि सगळं गाव एका नजरेत कळतं. समुद्र जवळ असल्याने भरतीचं पाणी इथवर येतं, सकाळी आणि दुपारी नीव्हची पातळी वेगळी दिसेल, काठाच्या दगडी भिंतीवर ओल्याची रेघ असते ती बाबांना दाखवा, त्यांचा अर्धा तास तिथेच जाईल. पुलाच्या टोकाला जिथे नीव्ह आदूरला मिळते तिथे थांबायला मोकळी जागा आहे.

सेंत-एस्प्रीतून मात्र घाईने निघू नका कारण गावाची अर्धी गोष्ट तिथे आहे. स्पेन-पोर्तुगालात इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयांच्या, छळाला कंटाळून पळालेले ज्यू इथे येऊन राहिले, गावाच्या तटाच्या आत राहायची त्यांना परवानगी नव्हती म्हणून नदीच्या या बाजूला. चॉकलेट करायची विद्या सतराव्या शतकात त्यांनीच इथे आणली. दिवसा पूल ओलांडून गावात जायचं, चॉकलेट करून द्यायचं आणि संध्याकाळी परत. पुढे गावातल्या चॉकलेटवाल्यांनी आपली संघटना करून त्यांनाच धंद्यातून बाहेर काढायचा प्रयत्न केला, म्हणजे ज्यांच्याकडून शिकले त्यांनाच! आज बायोन चॉकलेटचं गाव म्हणून मिरवतं ते या लोकांमुळे, म्हणून मी म्हणतो की चॉकलेट पिण्याआधी तो पूल पायाखालून जाऊ दे.

मग ग्रां बायोनमध्ये कॅथेड्रल आधी करा, दुपारी ते काही वेळ बंद ठेवतात. आत गेल्यावर मान वर करून छताच्या कमानी जिथे एकत्र येतात ते दगड बघा, एकावर जहाज कोरलंय, काहींवर इंग्लंडच्या राजाची चिन्हं आहेत. बायोन जवळपास तीनशे वर्षं, 1451 पर्यंत, इंग्लंडच्या राजाकडे होतं. एका खिडकीची रंगीत काच 1531 सालची आहे. उत्तरेच्या दारावर जुनी लोखंडी कडी आहे, पळून आलेल्या माणसाने ती धरली की त्याला देवळाचा आसरा मिळायचा, हात लावल्याशिवाय निघू नका. बाहेरून दुसऱ्या बाजूने क्लॉइस्टरमध्ये जाता येतं, म्हणजे चौकाभोवतीची कमानींची ओवरी, तिथे आई निवांत बसू शकतील, गर्दी नसते.

मृणाल_के:
वरच्या प्रतिसादाला +१. खाण्याचं मी सांगते कारण मी पण शाकाहारी आहे आणि त्या गावात हॅमचा जयजयकार आहे, दुकानात वरून डुकराच्या तंगड्या टांगलेल्या असतात, आईला आधीच सांगून ठेवा म्हणजे दचकणार नाहीत. नीव्हच्या काठावर ले हाल म्हणजे झाकलेला बाजार आहे, सकाळी चालू असतो आणि शनिवारी बाहेर शेतकरी पण बसतात. तिथून ब्रेड, फळं आणि मेंढीच्या दुधाचं ओसो-इराती चीज घ्या, त्याच्यासोबत काळ्या चेरीचा जॅम खायची पद्धत आहे, भारी लागतं. चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात ते) असतं बऱ्याचदा, आई त्याबाबत कडक असतील तर विचारून घ्या. पिपराद म्हणजे टोमॅटो-ढोबळी मिरचीची भाजी, त्यात अंडं घालतात आणि बरेचदा वर हॅम पण ठेवतात, तेव्हा ऑर्डर देताना ‘सां जांबों’, म्हणजे हॅम नको, म्हणायला विसरू नका. कुठे तालो दिसला तर सोडू नका, मक्याच्या पिठाची हातावर थापलेली जाडसर भाकरीच ती, नुसतं चीज घालून देतात, बाबा खूश होतील!! आणि गातो बास्क म्हणजे इथला केक, आत कस्टर्डवाला किंवा चेरीवाला, माझं मत चेरीवाल्याला. एस्पलेतची लाल मिरचीपूड पण घ्या घरी न्यायला, तिखट अगदी सौम्य आहे पण वास सुंदर.

चॉकलेटसाठी र्‍यू पोर-न्यफ. ही गल्ली पूर्वी कालवा होती, तो बुजवून रस्ता केला म्हणून दोन्ही बाजूंना बुटक्या कमानी आहेत, पाऊस आला तरी कोरडं चालता येतं. तिथे काझनाव्ह म्हणून 1854 पासूनचं दुकान आहे, फेसाळ चॉकलेट पिण्यासाठी प्रसिद्ध. फेस हाताने घुसळून आणतात, छोट्या फुलांच्या नक्षीचा पोर्सेलिनचा कप, वर कपाच्या काठाबाहेर आलेला फेस आणि खाली दाट कडवट चॉकलेट, सोबत वेगळ्या वाटीत क्रीम आणि बटर लावलेले टोस्ट.  क्रीम एकदम ओतू नका, आधी नुसता फेस चमच्याने खा.

भटक्या_विलास:
माझं थोडं वेगळं मत. बियारित्झ अगदीच सोडू नका, बायोनहून सिटी बस जाते, संध्याकाळी तासभर समुद्रावर बसून परत येता येतं. सान सेबास्तियानचं मात्र आदूरकाठी म्हणतात तेच बरोबर, त्याला वेगळा दिवस ठेवा.

आणि पेती बायोनमधलं बास्क म्युझियम चुकवू नका. नीव्हच्या काठावरच जुन्या व्यापाऱ्याच्या वाड्यात आहे, शेतीची अवजारं, बैलगाडी, पेलोटा (बास्क लोकांचा चेंडूचा खेळ) खेळायच्या वेताच्या लांब टोपल्या, असं रोजच्या जगण्यातलं सामान. आमच्या वडिलांना तिथलं लाकडी काम इतकं आवडलं की ते एकेक सांधा बघत होते. सोमवारी बंद असतं.

बायोनेट, म्हणजे बंदुकीची संगीन, ती याच गावाच्या नावावरून. पण मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की रने कासाँ याच गावचे, 1887 चा जन्म, मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्यांपैकी एक, 1968 ला शांततेचं नोबेल. तो मसुदा करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगावर आपल्याकडून हंसाबेन मेहता होत्या, एस.एन.डी.टी.च्या कुलगुरू राहिलेल्या, त्यांनी जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ऐवजी ‘सर्व माणसं’ करायला लावलं. आई-बाबांना हे नक्की सांगा.

सानिका_बोर्दो:
किती छान लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार!! सान सेबास्तियान कॅन्सल, बियारित्झचं त्या दिवशी आईचा गुडघा ठरवेल. दोन शंका: आठवड्यातला कुठला दिवस धरू? आणि दुपारी जेवणानंतर आईला तासभर सावलीत बसवता येईल अशी जागा आहे का, कॅफे सोडून?

आदूरकाठी:
शनिवार धरा. बाजार भरलेला असतो, म्युझियम चालू आणि दुकानं पण. रविवार-सोमवार बरीच दुकानं बंद असतात, चॉकलेट हुकलं तर मृणालताई मला माफ करणार नाहीत.

बसायला बोटॅनिकल गार्डन. व्होबाँ या फ्रेंच लष्करी इंजिनियरने सतराव्या शतकात वाढवलेल्या तटबंदीच्या वरच ही जपानी पद्धतीची बाग केलीय, छोटं तळं, पूल, बाकं, सप्टेंबरमध्ये उघडी असते. कॅथेड्रलपासून जवळ आहे. आई तिथे बसल्या की तुम्ही आणि बाबा तटावरून चक्कर मारून या, बाहेरच्या बाजूने खंदक आणि भिंतीची जाडी नीट दिसते. मग शेवटी नीव्हच्या काठाने खाली या, लाल-हिरव्या झडपांची अरुंद उंच घरं समोरच्या काठावर दिसतात. पुलांवर रेंगाळायचं असेल तर मारेंगो आणि पानको हे दोन छोटे पूल जवळजवळ आहेत, एकावरून जा दुसऱ्यावरून या. छत्री ठेवा प्रत्येकाची वेगळी, तिकडची भुरभुर सांगून येत नाही. गल्ल्यांत दगडी फरशी आहे, आईंना रबरी तळव्याचे बूट घाला, चप्पल नको.

मृणाल_के:
आणि ट्रेनचं तिकीट आत्ताच काढा, शनिवारची तिकिटं नंतर महाग होतात. परतीची शेवटचीच गाडी धरू नका, तिच्या आधीची घ्या.