शेडच्या पत्र्यावर काम करताना दोर कशाला बांधावा?

प्रश्न (वाळूज): आमच्या शेडचे सिमेंटचे पत्रे ५ मीटर उंचीवर असून ते पावसाळ्यापूर्वी बदलायचे आहेत. कामगारांना कंबरपट्टा आणि १.८ मीटरचा दोर दिल्यास पुरेसे होईल का?

उत्तर (जालना): कंबरपट्ट्याने झटका पोटावर व कण्यावर येतो, पूर्ण अंगाचा हार्नेसच (खांदे, छाती व मांड्यांना धरणारा पट्ट्यांचा संच) हवा. शिवाय दोर पायाजवळ अडकवल्यास त्याचे १.८ मीटर, धक्काशोषक (दोराचा झटका कमी करणारा, ताण येताच उलगडणारा भाग) उलगडण्याचे सुमारे १.७५, पाठीच्या कडीपासून पावलांपर्यंतचे १.५ आणि राखीव १ मीटर मिळून ६ मीटरांहून अधिक मोकळी जागा लागते, म्हणजे तुमच्या ५ मीटर उंचीवरून माणूस दोरासकट जमिनीवर आदळेल.

उत्तर (लातूर): हिशेब योग्य आहे, परंतु येथे कडेपेक्षा पत्र्याचाच धोका मोठा आहे. जुना सिमेंटचा पत्रा पाय पडताच फुटतो, म्हणून खाली जाळी ताणावी, वर आधारांवर टेकलेल्या फळ्यांवरूनच चालावे आणि दोर पत्र्याला किंवा पर्लिनला (पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या दांडीला) नव्हे, तर अभियंत्याने तपासलेल्या कैचीलाच (छत पेलणाऱ्या मुख्य त्रिकोणी सांगाड्याला) बांधावा. लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत उतरवण्याची सोयही आधीच करावी.

प्रश्नकर्ता: जाळीचा विचारच केला नव्हता. ठेकेदार खर्चाची कुरकुर करील, तरी काम तोवर थांबवतो.

उत्तर (जालना): थांबवाच, आणि नंतरही सकाळीच उरका, मे महिन्यातील आपल्याकडचे ऊन घेरी आणते.