विहिरीच्या फाईलला ‘नकाशा’ मागायलेत, कोणता जोडावा? (जि. परभणी)

धुऱ्यावरचा
राम राम मंडळी. २ हेक्टर ४० आर जमीन, एकच गट. वडील गेल्यावर वारसानं आम्हा तिघा भावांची नावं सातबाऱ्यावर लागली, थोरला पुण्यात असतो. वाटणी झाली ती घरातल्या घरात, कागदावर सामाईकच. माझ्या वाट्याच्या दोन एकरात रोजगार हमीतून विहीर घ्यायचीय, जमलं तर पुढं ठिबक. फाईल नेली तर ‘नकाशा जोडा’ एवढंच सांगितलं. सेतूवाला म्हणतो क प्रतच लागते, मोजणीचे पैसे भरा. गावातला एकजण मोबाईल घेऊन शेताला चक्कर मारतो अन् नकाशा छापून देतो, त्याचा रेट वेगळाच. कोणाचं ऐकावं?

करडईचं रान
मोबाईलवाल्याला आधी कटवा. त्याच्या कागदावर ना गट नंबर नीट असतो ना कुणाचा शिक्का. 😄

रिटायर तलाठी
(आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आमच्या वेळी तलाठीच.)
भाऊ, घाई करू नका. विहिरीच्या फाईलला साधारण गट नकाशा अन् त्यावर दाखवलेली चतुःसीमा, एवढ्यावर भागतं. बघणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: जागा तुमच्याच गटात आहे का, सलग ०.४० हेक्टर म्हणजे एक एकर भरतं का, अन् पिण्याच्या पाण्याच्या सरकारी स्रोतापासून ५०० मीटर लांब आहे का. यातलं एकही बघायला क प्रत लागत नाही. क प्रत म्हणजे भूमी अभिलेखनं मोजून हद्द कायम केल्यावर मिळते ती. बांधाचा वाद असेल, पोटहिस्सा (गटातला वेगळा वाटा) पाडायचा असेल, तेव्हा तिचं काम.

गट नकाशा घरबसल्या निघतो. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर ग्रामीण निवडायचं, जिल्हा, तालुका, गाव, मग गट नंबर. तुमचा गट रंगून वर आला की मॅप रिपोर्ट काढा. त्यात गटाचा आकार अन् भोवतीचे गट नंबर येतात. त्या प्रिंटवर लाल पेनानं विहिरीची जागा करा, चारी बाजूंना कोणाचं शेत ते लिहा (पूर्वेला गट अमुक, दक्षिणेला ओढा, असं), जवळच्या दोन बांधांपासूनचं अंतर टाका. वर ग्राम महसूल अधिकाऱ्याची सही-शिक्का घ्या.

आता तुमची खरी अडचण. त्या नकाशात गट दिसतो, तुमचा वाटा दिसत नाही. मधली रेघ तुम्ही तिघांनी मनातच ओढलीय. म्हणून दोघा भावांचं संमतीपत्र लावा, अन् त्यात विहिरीची जागा शब्दांत लिहा. नुसतं ‘आमची हरकत नाही’ असलं पुढं पाण्यावरून भांडण लावतं. तिघांत मिळून एक विहीर घ्यायची तरी चालतं, सामुदायिक विहिरीची सोय योजनेत आहे. मात्र पाणीवाटपाचा करार लागेल.

गोदाकाठ
मी उलटं सांगतो. मोजून घ्याच. आमच्या शिवारात एकानं बांधाला खेटून विहीर पाडली, शेजाऱ्यानं मोजणी आणली तर अर्धा कठडा त्याच्याकडं. आता कोर्टात.

रिटायर तलाठी
बांधाला खेटून पाडतच कशाला? आत सरका. पण तुम्ही म्हणता तेही खोटं नाही. तिघांना कायमचं वेगळं व्हायचं असेल तर जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली वाटप करून घ्या. एकत्र कुटुंबातल्या नोंदणीकृत वाटणीच्या पोटहिस्सा मोजणीला शासनानं २०२५ ला फी २०० रुपयांवर आणलीय. नाहीतर साधी हद्द मोजायची म्हटलं तरी ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत नियमितला २०००, द्रुतगतीला ८००० आहे. वाटप झालं की तुमचा सातबारा सुटा होईल अन् पुढच्या कुठल्याच अर्जाला भावांच्या सह्यांमागं पळावं लागणार नाही. पण विहिरीची फाईल त्यासाठी अडवून ठेवू नका.

सेलूची पोर
ठिबकचं मी सांगते. त्याला भूमी अभिलेखचा नकाशा कोणी मागत नाही. शेताचा आराखडा ठिबकचा विक्रेताच करतो: मेन लाईन, सबमेन, दोन नळ्यांतलं अंतर, सगळं त्यात. बसवल्यावर जागेवर तपासणी अन् फोटो होतात. अल्पभूधारकाला राज्याचं धरून ८० टक्के, बाकीच्यांना ७५. दादा, त्याआधी फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) उघडून बघा हा गट त्यात आलाय का. १५ एप्रिल २०२५ पासून त्याशिवाय कृषी खात्याच्या कुठल्याच योजनेचा अर्ज पुढं सरकत नाही. वारसाचा फेर लागला तरी आयडीत गट आपोआप येईलच असं नाही, माझ्या सासऱ्यांचा राहिला होता.

करडईचं रान
आणखी एक. ई-पीक पाहणीला (मोबाईलवर पिकाची नोंद करताना) आपल्याच धुऱ्यावर उभं राहिलं तरी ॲप म्हणतं तुम्ही गटाबाहेर. जुना नकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवताना थोडा सरकतो. घाबरू नका, मधोमध जाऊन फोटो काढा.

धुऱ्यावरचा
सगळ्यांचे आभार. प्रिंट काढली. आजोबांच्या पेटीत निजामाच्या वेळचं मोजणीचं टिपणही सापडलंय, उर्दूत. ते जोडू का?

रिटायर तलाठी
विहिरीच्या फाईलला नको. झेरॉक्स काढून मूळ प्रत प्लास्टिकमध्ये ठेवा, मोजणीला भूकरमापक येईल तेव्हा त्याला दाखवा. अन् थोरल्या भावाचं संमतीपत्र पुण्यात नोटरी करून पोस्टानं मागवा, त्यांना यायची गरज नाही.