पर्कशन ग्रुप: सभागृहात मरिंबा मागे का पडतो?

खर्ज
कॉलेजचा तालवाद्यांचा सहा जणांचा ग्रुप, लय मिनिटाला १३२ ठोके, माझा मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य), एका ठोक्यात चार स्वर. तालमीच्या खोलीत सगळं जुळतं. सभागृहात मात्र मी लय ओढतो असं सगळे म्हणतात. स्नेअर ड्रम पुढे उजवीकडे, मी मागे डावीकडे, मध्ये आठेक मीटर. शिवाय दोन बारच्या (आठ ठोक्यांच्या) मोकळ्या जागेत मॅलेट, म्हणजे वाजवायच्या गोळेदार काठ्या, बदलून सस्पेंडेड सिंबलवर (स्टँडवरच्या एकट्या झांजेवर) रोल, म्हणजे सलग भरभर ठोके, धरायचाय, तोही उशिराच उमटतो. हेडफोनमधल्या क्लिकवर (लय दाखवणाऱ्या टिकटिकीवर) दोन्ही बरोबर येतं. सराव वाढवू का?

अर्धमात्रा
सराव राहू दे, आधी जागा बदला. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे आठ मीटरला २३ मिलिसेकंद. तुमचा एक स्वर ११४ मिलिसेकंदांचा. स्नेअर कानाने ऐकून वाजवलंत की २३ ने मागे, आणि तुमचा आवाज स्नेअरपर्यंत पोचेस्तोवर आणखी २३. तिथे ४६ चा फरक फ्लॅमसारखा, म्हणजे एकामागोमाग चिकटून पडलेल्या दोन ठोक्यांसारखा, ऐकू येतो. मग स्नेअरवाला तुमच्यासाठी थांबतो, तुम्ही त्याच्यासाठी, आणि लय मंदावत जाते.
लय धरणारा मागे मधोमध हवा. त्याचा आवाज पुढच्यांपाशी आला की त्यांनी त्यावर वाजवायचं; मग दोन्ही आवाज जोडीनेच श्रोत्यांकडे जातात.

तिरकीट
जागा बदलणं दर वेळी हातात नसतं हो. मागेच उभं राहावं लागलं तर कान नाही, डोळे वापरा: स्नेअरची काठी खाली येताना बघून वाजवा. तुम्हाला स्वतःला आपण घाई करतोय असं वाटेल. वाटू द्या.
क्लिक कानातच वाजते, तिला अंतर नसतं. म्हणून तिच्यावर जमलं यावरून स्टेजचं काही कळत नाही. ती दोन बारला एकदाच ठेवा, १३२ ला साधारण ३.६ सेकंदांनी. मधले सोळावे भाग (एका ठोक्यात चार) सगळ्यांनी मनात मोजायचे. पुढच्या क्लिकआधी पोचलात की नंतर, हे लगेच कळतं.

झांज
रोलचं दुखणं वेगळं आहे. मऊ मॅलेटवर सिंबल फुलायला वेळ घेते, त्यामुळे हात वेळेवर पडूनही आवाज उशिरा येतो. अगदी हळू, थोडं आधी सुरू करा. दोन्ही मॅलेट समोरासमोरच्या कडांवर. एकाच बाजूला मारलंत तर सिंबल झुलते.
मॅलेट बदलायचे का, हाच खरा प्रश्न. मरिंबाचे मध्यम, सूत गुंडाळलेले असतील तर त्यांनीच रोल करा. बदलायचेच असतील तर नोटेशनचा स्टँड कमरेइतक्या उंचीवर आडवा करून टॉवेल पसरा, मॅलेट त्यावर, दांडे आपल्याकडे. टॉवेल नसेल तर ठेवतानाची टकटक शेवटच्या रांगेत जाते.

खर्ज
मी पुढे आलो, स्नेअर मागे. जुळलं! आता खालचे स्वर थोटे ऐकू येतात. कडक मॅलेट घेऊ?

अर्धमात्रा
नको, खालच्या लाकडी पट्ट्यांना चीर जाईल. जड आणि मऊ घ्या. आणि बघा, मॅलेट पट्ट्या ओवलेल्या दोरीवर पडतोय का? पट्टीच्या दोन्ही टोकांपासून सुमारे २२ टक्क्यांवर, जिथून दोरी जाते, तिथे पट्टी हलतच नाही. नुसता ठक्क आवाज येतो. मधोमध मारा. वरच्या रांगेत घाईच्या जागी पट्टीची अलीकडची कड चालते, दोरीची जागा मात्र नाही.