रामटेकच्या टेकडीचे नाव नकाशावर काय लिहावे?

प्रश्न (शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, रामटेक तालुका)

नमस्कार. आमच्या शाळेच्या भिंतीवर परिसराचा नकाशा रंगवायचे ठरले असून, रामटेकच्या टेकडीपुढे कोणते नाव लिहावे यावरून समितीत एकमत होत नाही. गावात सगळे 'गड' म्हणतात. 'गडावर जाऊन येतो' एवढे सांगितले की पुरते. संस्कृत शिकवणारे गुरुजी 'रामगिरी'साठी आग्रही आहेत, तर एक काकाजी पोथीतले 'सिंदूरगिरी' हेच खरे म्हणतात. यांतले जुने नाव कोणते?

उत्तर १ (इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, नागपूर)

लेखी पुराव्यापुरते बोलायचे तर 'रामगिरी'. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या व वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट रिद्धपूरला सापडला असून, ते दान 'रामगिरिस्वामी'च्या, म्हणजे रामगिरीवरील देवाच्या, चरणांपाशी दिल्याचे त्यात नमूद आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन, येथून जवळच असल्याने ती टेकडी हीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कालिदासाच्या मेघदूतातील यक्षाचा रामगिरी हा मात्र निराळा वाद आहे. संशोधक वा. वि. मिराशी यांनी रामटेकची बाजू मांडली, परंतु टीकाकार मल्लिनाथाने तो चित्रकूट मानला आणि छत्तीसगडमधील सरगुजा भागातील रामगढचेही नाव घेतले जाते. तेव्हा 'कालिदासाचा रामगिरी' असे मुलांपुढे ठामपणे रंगवू नये. काकाजींनाही डावलता येणार नाही, कारण यादव राजा रामचंद्रदेवाच्या काळातील लक्ष्मण मंदिरातील शिलालेखात 'सिंदूरगिरी' आले आहे.

उत्तर २ (गडाच्या पायथ्याचा रहिवासी)

सरांच्या माहितीला थोडी जोड देतो. येथला दगड वरून काळपट दिसतो, पण नुकताच फोडलेला तुकडा उन्हात धरला तर शेंदरासारखा तांबडा चमकतो; 'सिंदूरगिरी' नावाचा संबंध त्याच्याशी लावतात. नरसिंहाने हिरण्यकशिपूला येथेच मारले आणि त्याच्या रक्ताने डोंगर रंगला, अशी कथा सांगतात. गडावर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह अशी दोन वाकाटककालीन मंदिरे आहेत, हेही लक्षात घ्यावे. शंबुकाच्या तपावरून 'तपोगिरी' असेही एक नाव आहे, पण ते बोलण्यात कधी ऐकू येत नाही. रामाने राक्षसांच्या नाशाची टेक, म्हणजे प्रतिज्ञा, येथे केली म्हणून 'रामटेक', ही कथा मला मागाहून जुळवलेली वाटते, कारण टेक म्हणजे टेकाड हा अर्थ सरळ आहे. 'गड' म्हणण्याचे कारण तर वर चढणाऱ्याला आपोआप दिसते. तटबंदी आहे, आणि मंदिरापर्यंत वराह, भैरव असे दरवाजे ओलांडावे लागतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मोठ्या अक्षरांत 'रामटेक (गडमंदिर)' आणि खाली लहान अक्षरांत 'रामगिरी, सिंदूरगिरी' असे लिहिण्याचे ठरवत आहोत. गुरुजी 'रामगिरी' आधी आल्याने संतुष्ट आहेत. काकाजींची समजूत घालण्यासाठी शिलालेखाचा उल्लेख आजच त्यांच्या कानावर घालतो.