एका झाडापायी चार-पाच

"मौल्यवान तेवढीच झाडं चोर नेतात, बाकीचं जंगल शाबूत राहतं," असं लाकूडचोरीबद्दल म्हटलं जातं, ते मला पटत नाही. मादागास्करचं उदाहरण बघा. २००९ साली तिथे सत्तापालट झाला, कायद्याचा धाक उरला नाही, आणि मासोआला व मारोजेजी या राष्ट्रीय उद्यानांत शिसवाच्या तोडीला ऊत आला. (आपल्या शिसवाच्याच कुळातली झाडं ही.) ते लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. मग नदीतून ओंडका न्यायचा कसा? आजूबाजूची हलक्या लाकडाची चार-पाच झाडं पाडायची, वेलींनी बांधून तराफा करायचा आणि त्यावर ओंडका लादायचा. जंगलात मुक्काम ठोकलेले लोक पोटासाठी लेमूरही (माकडांसारखे तिथले प्राणी) मारत. २०१० मध्ये युनेस्कोने ही वर्षावनं धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकली.

माल मुख्यतः चीनमध्ये जायचा, उंची फर्निचरसाठी. तोडणाऱ्या गावकऱ्याच्या हाती जेमतेम रोजंदारी. म्हणून नुसते तोडणारे पकडून भागणार नाही असं मला कळकळीने वाटतं. बंदरात माल भरून देणारे व्यापारी आधी धरायला हवेत. २०१४ मध्ये सिंगापूरच्या बंदरात मादागास्करच्या शिसवाचे तीसेक हजार ओंडके एकदम सापडले होते. एवढा माल गुपचूप कसा निघेल?