गच्चीवरचं नॅनो

भिंतीला सौररंग (उन्हापासून वीज करणारा नॅनो रंग) फासला की कोळसा गेलाच, असं काही जण म्हणतात. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! नॅनो, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात मोजायचं तंत्रज्ञान, मात्र आपल्या गच्चीवर कधीच येऊन बसलंय. बहुतेक सौर पॅनेलच्या काचेवर साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा सच्छिद्र सिलिकाचा थर असतो. साध्या काचेवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, त्यातला बराचसा हा थर आत वळवतो.

मला खरी आशा पेरोव्हस्काइटची, म्हणजे प्रकाश शोषून वीज करणाऱ्या एका स्फटिकी पदार्थाची, वाटते. २००९ साली जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने त्याचा सौर सेल केला तेव्हा कार्यक्षमता (उन्हातल्या ऊर्जेची किती वीज होते ते) होती ३.८ टक्के, आता प्रयोगशाळेत २५च्या पुढे. नेहमीच्या सिलिकॉन सेलवर त्याचा थर चढवला की दोघं प्रकाश वाटून घेतात, निळा वरच्याला, लाल खालच्याला. पण दमट हवा त्याला सोसत नाही, आणि आपल्याकडे जुलैत पापडसुद्धा सादळतात. शिवाय त्यात विषारी शिसं.

मी चेंबूरचा. माहुलच्या रिफायनऱ्या शेजारी, त्यामुळे धुराचं मला कुणी सांगायला नको. सोसायटीत १० किलोवॅटची सौर पॅनेलं बसवली. किलोवॅटला १०० चौरस फूट धरा. टाक्या, लिफ्टची खोली, शेजारच्या टॉवरची सावली वजा जाता तेवढीच जागा उरली. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे भागतात. घरोघरच्या एसींचं बिल आहे तसंच. आणि कावळ्यांनी केलेल्या घाणीपुढे कुठलंच नॅनो चालत नाही, दर रविवारी बादली-फडकं घेऊन चढावं लागतं.